अंगात ताकद आहे, पण ज्युदोसाठी ती टिकवणार कोण?

जव्हार-मोखाडा : ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी फक्त दहा खेळ ठरले. कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन वगळले गेले, ज्युदो मात्र राहिला. शालेय स्पर्धांतही ज्युदो आहे आणि राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे 'आपल्या आदिवासी पोरांना ज्युदोत उतरवा, ताकद तर अंगातच आहे' असं कुणी म्हटलं तर पटकन पटतं. पण हे अर्धंच खरं आहे.

ज्युदोची मॅच चार मिनिटांची असते. बरोबरी झाली की गोल्डन स्कोअर, त्याला वेळेची मर्यादा नाही. वीस-तीस सेकंद जीव खाऊन ओढाओढ, मग पंच थांबवतात आणि दहाएक सेकंदांत परत सुरू. म्हणजे जॅकेट न सोडणारी बोटं, ओढणारी पाठ, समोरच्याला उचलणारी कंबर-मांडी आणि लगेच परत येणारा दम, एवढं सगळं लागतं.

आपली पोरं उन्हाळ्यात डोंगर चढून पाणी आणतात, भारे वाहतात. पण मी स्वतः शेतकरी आहे. आवणी संपली की अंग कमावलेलं नसतं, मोडून आलेलं असतं. कामात वजन हळूहळू वाढत नाही, विश्रांती नसते आणि पोटात पुरेसं नसतं. व्यायामात हेच उलट लागतं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचे पायही डोंगरातच तयार झाले. पण २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आलं, ते नाशिकला वर्षानुवर्षं केलेल्या शिस्तीच्या सरावानंतर.

आपल्याकडे पहिली अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. पावसाळ्यात कमावलेली ताकद सराव सुटला की काही आठवड्यांत उतरायला लागते. म्हणून सुरुवात करायची तर निवासी आश्रमशाळेतच. तिथं पोरं वर्षभर एका जागी असतात.

दुसरी अडचण ताटातली. वावर-वांगणीचे १९९२ चे बालमृत्यू इथं कुणी विसरलेलं नाही. अमृत आहार योजना गरोदर-स्तनदा माता आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पुढच्या वयाचं पोर शाळेच्या जेवणावर. त्यात ज्युदो वजनगटात खेळतात. खालच्या गटात बसवायला पोरांना उपाशी ठेवणं, पाणी तोडणं हा प्रकार या खेळात जगभर चालतो. आधीच किडकिडीत असलेल्या पोराच्या बाबतीत तो गुन्हाच म्हणावा लागेल. पोराचं जे वजन आहे त्याच गटात ते खेळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट सिकलसेल. आदिवासी भागात तो आढळतो. अशा मुलाला उन्हात दम तुटेपर्यंत पळवलं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे सराव सुरू करण्याआधी सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी हवीच.

जिमची वाट बघायची मात्र गरज नाही. फांदीला किंवा लोखंडी बारला जाड टॉवेल टाकून लटकणं आणि अंग वर ओढणं, यातून पकड तयार होते. रेतीची अर्धी गोणी छातीशी धरून बैठका, दंड, जोडीदाराला पाठीवर घेऊन चालणं, चढावर छोट्या धावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. वजन थोडं थोडंच वाढवायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. लहान वर्गांना स्वतःच्या अंगाचं वजन पुरे. एक गोष्ट मात्र पक्की, मॅट आणि शिकवणारा असल्याशिवाय उघड्या जमिनीवर पाडापाडी करायची नाही. पडायला शिकणं हाच ज्युदोचा पहिला धडा आहे.

मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२ मध्ये कॅडेट गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. ती कर्नाटकातल्या विजयनगरच्या निवासी केंद्रात तयार झाली. जेवण, डॉक्टर, मॅट, कोच सगळं एका छपराखाली. आपल्याकडे छप्पर आहे, पोरं आहेत. प्रकल्प कार्यालय आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने मिळून एका आश्रमशाळेत मॅट, कोच, खेळाडूंसाठी रोजची जादा अंडी आणि दर महिन्याला वजनाची नोंद एवढं सुरू करावं. नोंदीत वजन उतरलं तर सराव थांबवून पोराला आधी आरोग्य केंद्रात न्यावं. पदकाची चर्चा त्यानंतर.