आज किती सैनिक?

मंडळी, गेल्या वीकेण्डला काय केलंत? सिनेमा? मॉल? सिंहगडावर पिठलं-भाकरी? मी एका चार वर्षांच्या मुलीबरोबर गॅलरीत बसून गॅस सिलिंडरचे टेम्पो आणि पिवळ्या स्कूलबस मोजत होते. फायनल स्कोअर : ती ७, मी ३. (ती चीटिंग करते. मला माहितीये, तिलाही माहितीये!)

ही माझी भाची. या कॉलमपुरतं तिला चिऊ म्हणू या. गेल्या वर्षी चिऊला ल्युकेमिया झाल्याचं कळलं. एएलएल, म्हणजे लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर. नीट उपचार मिळाले तर बहुतेक मुलं यातून बरी होतात, पण ट्रीटमेंट चालते साधारण दोन-अडीच वर्षं. किमोमुळे पांढऱ्या पेशी घटतात. त्यातल्या न्यूट्रोफिल्सचा आकडा ५०० च्या खाली आला की तुम्हा-आम्हाला दोन दिवसांत बरं होणारं इन्फेक्शन तिला थेट हॉस्पिटलात पोचवू शकतं. म्हणून बालवाडी बंद, बाग बंद, बर्थडे पार्ट्या बंद. ताईने तिला सांगितलंय, अंगातले सैनिक कमी झालेत, ते वाढले की खाली जायचं. त्यामुळे डोळे उघडले की पहिला प्रश्न : ‘‘आई, आज किती सैनिक?’’

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळेच घरात कोंडलो होतो. पण तेव्हा सगळं जगच बंद होतं ना! चिऊच्या गॅलरीखाली मात्र रोज संध्याकाळी सोसायटीची पोरं लपाछपी खेळतात आणि तिला वर ‘धप्पा!’ ऐकू येतो. त्या अर्ध्या तासात तिला कशात गुंतवायचं, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न.

पहिल्या वेळी मी जाम उत्साहात गेले. हातात छोटी कुंडी, माती, झेंडूचं बी. रोज पाणी घालेल, रोप उगवताना बघेल... कसली भारी आयडिया! ताईने दारातच अडवलं. ‘‘अगं, माती नको! मातीत बुरशी असते, तिला चालत नाही.’’ मी कुंडी घेऊन तशीच जिन्यात उभी. खरं सांगते, रडूच आलं. मग घरी जाऊन कार्डपेपर आणला. आता चिऊच्या भिंतीवर कागदाची बाग आहे. रोज एक पान किंवा एक फूल चिकटवायचं, ते पण बरोब्बर ‘धप्पा’च्या टायमाला.

हळूहळू आणखी युक्त्या सापडल्या. सगळी खेळणी एकदम काढायची नाहीत. चार डबे केलेत, रोज एकच उघडायचा. पाचव्या दिवशी पहिला डबा पुन्हा नवा वाटतो! खेळणी शक्यतो धुता येणारी. कणकेचा गोळा मस्त चालतो, फक्त तो ताजा हवा आणि खेळ संपला की थेट कचऱ्यात. चादरीचा तंबू, बादलीत चेंडू, आजीबरोबर रोज साडेपाचला व्हिडीओ कॉल. आजी तिकडून गोष्ट अर्धी सोडते, उरलेली उद्या. ‘उद्या’ची वाट बघायला काहीतरी हवं ना!

टीव्हीचं काय? दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०२१ मध्ये सांगितलंय. ताई पाळायचा प्रयत्न करते. पण स्टिरॉइड्सचे दिवस आले की चिऊ चिडचिडी होते, रात्री दोनला उठून वरणभात मागते, पाय दुखतात म्हणून रडते. त्या दिवशी कार्टून दोन तास चाललं तर चाललं. ताईला गिल्ट देणारे आपण कोण?

तिचा सगळ्यात आवडता खेळ मात्र आम्ही शिकवलेला नाही. बाहुलीच्या हाताला चिकटपट्टी लावायची, इंजेक्शन द्यायचं आणि दरडावून सांगायचं, ‘‘हलायचं नाही. झालं, झालं, संपलं.’’ पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ताई शांतपणे म्हणाली, ‘‘खेळू दे. इथे ती डॉक्टर असते. तिकडे तिला कोणी विचारत नाही.’’

आणि हो, सगळं काही गोडगोड नाही. गेल्या महिन्यात रात्री ताप १००.६ आला. १००.४ च्या वर गेला की वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. बॅग कायम भरलेलीच असते. त्या आठवड्यात बाग वाढली नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेल, तर ‘काही लागलं तर सांग’ एवढंच म्हणून फोन ठेवू नका. थोडीशी सर्दी असली तरी जाऊ नका. घरात कोणाला कांजिण्या झाल्या असतील आणि भेट झालेली असेल, तर लाजू नका, लगेच कळवा. तब्येत ठणठणीत असेल तर आधी विचारून जा, साबणाने नीट हात धुवा, पापा घेऊ नका, आणि तासभर मुलाशी खेळा. तेवढ्यात त्याची आई निवांत आंघोळ करेल. ताई म्हणते, मी आणलेल्या गिफ्ट्सपेक्षा तिला तो तास जास्त आवडतो.

परवा सैनिक वाढले. डॉक्टर हो म्हणाले, मास्क लावून चिऊ दहा मिनिटं पार्किंगपर्यंत गेली. पोरांपासून लांब उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, ‘‘धप्पाऽऽ!’’

राज्य कोणावर होतं, कोणास ठाऊक. पण सगळी पोरं आपापल्या जागेवरून बाहेर आली.