गणवेशाची ओढ आणि चार वर्षांची मुदत

वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, कुठेही पहाटे मैदानावर जा. १६०० मीटर धावणारी पोरं दिसतील. पोलीस भरती आणि सैन्य भरती, दोन्हींना हे अंतर सारखंच, त्यामुळे एकाच घामावर दोन अर्ज भरता येतात. यांना नुसतं देशप्रेमानं पेटलेले म्हणणं जितकं भाबडं, तितकंच नुसतं पोटासाठी धावणारे म्हणणं अन्यायाचं. सोयाबीनच्या भरवशावर घर चालत नाही, शेतकरी नवरा कोणालाच नको असतो. अशा वेळी महिन्याच्या पगाराइतकंच गणवेश मिळवून देणारा मानही मोलाचा ठरतो. ही मानाची भूक जुनीच आहे. सैन्याची बंद झालेली दारं महारांना पुन्हा उघडावीत म्हणून बाबासाहेबांनी आग्रह धरला आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हाही प्रश्न केवळ भाकरीचा नव्हता. भरती होण्याची कारणं घरची असतात, टिकून राहण्याची पलटणीतली: शेजारच्या जवानाचा भरवसा, पलटणीचं नाव आणि पुढे दिसणारं पेन्शन. सैन्य भरतीच्या २०२२ च्या अग्निपथ योजनेनं नेमकं हेच बदललं. चार वर्षं नोकरी, अखेरीस सुमारे दहा लाख आणि त्यावरचं व्याज असा सेवानिधी, पेन्शन नाही आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. राहायचं की परतायचं, हे आता बहुतेकांच्या हाती उरलेलं नाही. तेव्हा भरती झालेल्या पोराच्या सत्काराचे फलक लावणाऱ्या पुढाऱ्यांनी, तो पंचविशीच्या आसपास गावी परतल्यावर त्याला कोणतं काम देणार, तेही त्याच फलकावर लिहावं.