विकेंडचं तळं, विकतचे मासे

सरळ मुद्द्यावर येतो. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांमध्ये तळं खणून त्यात मासे सोडायचं जे फॅड आलंय ते बंद व्हायला हवं. निदान आत्ता ज्या पद्धतीने चाललंय त्या पद्धतीने तरी.

"ह्याला काय प्रॉब्लेम आहे?" असं ऑफिसातल्या निम्म्या लोकांना वाटेल. साहजिक आहे. आपल्यातल्याच कुणीतरी नेरळच्या पुढे पाच गुंठ्यांचा प्लॉट घेतलेला असतो, दोन खोल्या बांधलेल्या असतात, आणि मग जेसीबी आलेलाच आहे तर एक तळंही होऊन जाऊ दे! निळा किंवा काळा प्लास्टिकचा कागद अंथरायचा, बोअरचं पाणी सोडायचं, शनिवारी कुणीतरी ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून 'रोहू-कटला मिक्स' आणून देतो. पोरं खूश, आईबाबा खूश, फोटो झकास. सोमवारी सकाळी सगळे परत कंपनीत.

माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. त्यामुळे हे तळं मला फोटोच्या बाहेरूनही दिसतं.

आधी साधा हिशेब करू, इंजिनियर आहोत ना. वीस बाय वीस मीटरचं तळं, म्हणजे चारशे चौरस मीटर. सरासरी खोली दोन मीटर धरली तर आठशे घनमीटर पाणी मावतं. कर्जतला पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होतो. म्हणजे आजूबाजूचा एक थेंब आत आला नाही आणि नुसतं आभाळातून पडलेलं पाणी मोजलं, तरी बाराशे घनमीटर. आठशेच्या भांड्यात बाराशे. तळं वाहणार की नाही हा प्रश्नच नाही, फक्त कधी वाहणार एवढंच. बहुतेक वेळा जुलैतच. आणि तेव्हा आपण मुंबईत किंवा पुण्यात छत्री शोधत असतो.

हाच मुद्दा लोक विसरतात. सांगोल्याच्या किंवा जतच्या शेतकऱ्याने शेततळं घेतलं, त्यात मासे वाढवले, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत अशी कितीतरी तळी झाली. तिथे पाऊस इतका कमी की तळं भरलं तरी पुष्कळ. शिवाय तो माणूस रोज त्या पाण्याशेजारी असतो, त्याचं पोट त्यावर आहे. कोकणातलं तळं वेगळं. ते दरवर्षी ओसंडणार, आणि ओसंडलेलं पाणी शेजारच्या ओढ्यात जाणार. ओढा कर्जतच्या बाजूला असेल तर पेज नाहीतर उल्हास, खालापूरच्या बाजूला असेल तर पाताळगंगा. २६ जुलै २००५ आठवतो का? नसेल तर २७ जुलै २०१९ आठवा. उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसकट अडकली होती. जिथे रेल्वेगाडी अडकते तिथे तुमच्या तळ्याचा विटांचा कठडा काय करणार?

म्हणजे तळ्यात सोडलेला मासा हा नदीत सोडलेला मासा आहे, फक्त एक-दोन पावसाळे उशिरा. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनमध्ये टाकलेला कोड. आणि रोलबॅक नाही. नदीतून मासा परत गोळा करता येत नाही.

आता 'त्याने काय होतं' ह्याकडे येऊ. त्यासाठी वलगण माहीत हवी. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढे लाल पाण्याने भरले, की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या दिशेने वर चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात. मळ्ये, खवल्या, शिंगट्या, मरळ, सगळी जत्रा. पोटं गाभोळीने फुगलेली. त्या दोन-चार रात्री अख्खी गावं बत्त्या, टॉर्च, पाग घेऊन ओढ्यावर असतात. ठाकूर आणि कातकरी वाड्यांत तर वर्षातले पोटभर जेवणाचे दिवस तेच. उरलेले मासे वाळवून ठेवतात. हा मासा कुणी विकत आणून सोडत नाही, त्याला खाद्य घालत नाही. फक्त त्याची वाट मोकळी असावी लागते.

आणि ती वाट म्हणजे तोच ओढा, ज्यात तुमच्या तळ्याचा सांडवा पडतो. जूनमध्ये आपले मासे त्याच वाटेने वर येतात, जुलैत तुमचे मासे त्याच वाटेने खाली जातात. अंडी आणि इवली पिल्लं मध्ये. काही महाभाग तर ओढ्यातच बांध घालून तळं करतात, 'नॅचरल वॉटर बॉडी' म्हणून. तिथे वाटच संपली. मामा एकदा अशा बांधापाशी उभा राहून म्हणाला होता, "ह्यांनी दार लावलं, आणि वर 'स्वागत आहे' अशी पाटी लावली." पाटी खरंच होती.

कोणते मासे सोडले जातात ते बघा. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर १९५७ साली हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं तेव्हा मत्स्यशेतीत क्रांती झाली, आणि त्या आठवणीत १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन झाला. त्यामुळे हे तिघे त्यातल्या त्यात सभ्य पाहुणे. पण पिशवीत बोटभर लांबीची पिल्लं असतात, ती नक्की कोणाची हे तुम्हाला-मला ओळखता येतं का? त्यात चार चिलापी असल्या की झालं. चिलापी दोन-तीन महिन्यांत वयात येते, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा वितात. १९५२ साली ही आफ्रिकन पाहुणी भारतात आणली गेली. आज उजनीच्या कोळ्यांना विचारा जाळ्यात काय येतं. चिलापी. स्थानिक मासा शोधावा लागतो.

त्याहून वाईट थाई मागूर. नाव थाई, मूळ आफ्रिकेचं. दिसेल ते खाणार, घाणेरड्या पाण्यात जगणार, हवेतला प्राणवायू घेणार, ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या पाण्यात जाणार. केंद्र सरकारने २००० सालीच ह्याच्यावर बंदी घातली. पुढे हरित लवादाचे आदेश आले, राज्यात धाडी पडल्या, टनावारी मासे नष्ट केले गेले. तरी 'लवकर वाढतो, मरत नाही' म्हणून अजून कुणीतरी सुचवतंच. मरत नाही हीच तर तक्रार आहे, राव!

मग डासवाली मंडळी. गप्पी किंवा गंबुसिया सोडा, डेंग्यू जाईल. गंबुसिया १९२८ साली इटलीहून आणला, हेतू चांगलाच होता. आज जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत तो आहे. (त्याच यादीत चिलापीही आहे.) तो डासांच्या अळ्या खातो, हे खरं. पण बेडकांची पिल्लं आणि इतर माशांची अंडीही खातो. म्हणजे डास खाणारे मारून डास कमी करायचे. आपल्या ओढ्यांत डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला एक बोटाच्या पेरांएवढा मासा असतो, पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, अळ्या मटकावतो. त्याला पिकू म्हणतात. दुकानात मिळत नाही, म्हणून कुणाला माहीत नाही.

हेतू चांगला असला की परिणामही चांगला होतो असं नाही, ह्याचं उदाहरण खोपोलीच्या डोक्यावरच आहे. लोणावळ्याला वळवणमध्ये टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महासीर वाढवायचं काम केलं. महासीर म्हणजे आपला खडस. धरणांमुळे कमी झालेला मासा टिकावा ही प्रामाणिक तळमळ, आणि काम खरोखर मोठं. पण ती पिल्लं देशभर गेली, कावेरीतही गेली. तिथला स्वतःचा महासीर वेगळा, पाठीला उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी. पाहुणा वाढत गेला, यजमान मागे पडत गेला. २०१८ साली त्या यजमानाचं शास्त्रीय नाव पक्कं झालं, तोर रेमादेवी, आणि तो थेट 'अतिसंकटग्रस्त' यादीत जाऊन बसला. एका भारतीय नदीतला मासा दुसऱ्या भारतीय नदीत टाकला, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, तरी ही गत. आपण तर पिशवीवर लिहिलेलं वाचून सोडतोय.

कोणी म्हणेल, उल्हास-पाताळगंगेत आता शुद्ध काय उरलंय? घाटावरच्या धरणांचं पाणी शंभर वर्षं भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजघरांतून खाली येतंय, राजनाल्यावर उन्हाळी भात होतोय, खाली कारखाने आहेत. गावकरी स्वतः वलगणीत गाभोळीचे मासे मारतात, ब्लीचिंग पावडर टाकतात, सुरुंग लावतात. सगळं खरं. पावडर टाकणाऱ्याला मी फार्महाऊसवाल्याच्या आधी पकडीन. पण नदी आजारी आहे म्हणून तिला आणखी एक रोग दिला तर चालेल, हे कसलं लॉजिक? आणि वरचे ओढे, जिथे कारखाने नाहीत, नेमके तिथेच तर प्लॉट पडतायत. 'अनटच्ड नेचर' म्हणून भाव जास्त.

बरं, ह्यात निदान मासे तरी सुखात असतात का? तेही नाही. सोडायचं माफक प्रमाण चौरस मीटरला एखादं बोटुकलं, त्याहून कमी तर उत्तम. चारशे मीटरच्या तळ्यात तीन-चारशे. लोक दोन हजार सोडतात, कारण पिशवी स्वस्त असते. प्लास्टिकचा कागद, म्हणजे तळाशी माती नाही, म्हणजे पाण्यात नैसर्गिक खाद्य फारसं नाही. रविवारी सगळं कुटुंब मिळून ब्रेड आणि कुरमुरे टाकणार, सोम ते शुक्र उपास. न खाल्लेलं कुजतं, अमोनिया वाढतो. तीन दिवस सूर्य दिसला नाही की पाण्यातल्या शेवाळाचा प्राणवायू बनत नाही, आणि पहाटे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करायला लागतात. हवा मारणारा पंप असतो, पण वादळात लाईट गेलेली असते. सकाळी राखण करणारा दादा पांढरी पोटं बघतो आणि साहेबांना फोन लावतो. साहेब मीटिंगमध्ये. मग ते मासे आणि ते पाणी कुठे जातं? ओढ्यात.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दिवसाला पाच मिलीमीटर पाणी उडतं असं धरा. चारशे चौरस मीटरवर रोजचे दोन हजार लिटर. साठ दिवसांचे एक लाख वीस हजार. दहा हजार लिटरचे बारा टँकर, नुसते हवेत! ते भरून काढायला बोअर चालू. त्याच महिन्यांत त्याच तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवर सरकारी टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. कदाचित आपल्या राखणदाराच्या घरचाही हंडा त्यात असेल. तो बोअरचं बटण दाबून घरी जातो आणि रांगेत उभा राहतो. ह्यावर मला विनोद सुचत नाही.

मग तळं नकोच का? हवं तर खणा, पण ओढा सोडून. कागद नको, काळी माती बडवून घ्या. पाणी फक्त पावसाचं. मार्चमध्ये आटलं तर आटू दे, कोकणातली पुष्कळ डबकी-तळी अशीच जगली. पहिलं वर्ष काहीही सोडू नका. बेडूक येतील, चतुर येतील, त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातील, बगळे येतील. पुराचं पाणी शिरणारं असेल तर मासेही आपणहून येतील, फुकट. आणि मासे खायचेच असतील तर वाडीवरून विकत घ्या की! चार पैसे त्यांना मिळू देत.

ज्यांनी आधीच सोडलेत त्यांनी ह्या वर्षी होळीच्या आत पाग टाकून सगळे काढावेत आणि खावेत. कोई, गोल्डफिश, तो काचा चाटणारा काळा सकर मासा, हे तर 'जीवदया' म्हणून नदीत सोडूच नका, ज्या दुकानातून आणले त्याला परत द्या. आणि मेच्या शेवटी सांडव्याला जाळी लावा, बारीक छिद्रांची, स्टीलची. नायलॉनची लावाल तर पहिल्याच पावसात खेकडे कुरतडतील.