आठमाशी मूल आणि आपली जुनी समजूत

सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही. आमच्या घरात हे वाक्य पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. वाचकहो, तुमच्याही घरात ते असणारच.

१९९६ साली आमच्या थोरल्या ताईचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे आमच्याकडे व्हायचे होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आठवा महिना निम्मा झाला असेल. एका रात्री कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात तपासले आणि "बेळगावला न्या" एवढेच सांगितले. जीप मिळेपर्यंत पहाट झाली. बाळ जन्मले, रडलेही. पण तासाभरात त्याला धाप लागली. प्रत्येक श्वासाबरोबर ते कण्हत होते, बरगड्यांखाली खळगा पडत होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. आजी म्हणाली, "आठमाशी होतं, राहायचं नव्हतं." झाले. विषय मिटला. कोणी कोणाला काही विचारले नाही.

आम्ही बँकेत कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. डॉक्टरकीचा अधिकार आम्हाला नाही. पण संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर "नशीब" म्हणून वही मिटायची नाही, चूक कुठे आहे ते शोधायचे, एवढे नोकरीने शिकवले. म्हणून वाचत गेलो, डॉक्टर मंडळींना विचारत गेलो. जे कळले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट, ती समजूत साफ उलटी आहे. फुफ्फुसातील बारीक फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतून एक स्निग्ध थर असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. पोटातल्या बाळात तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. म्हणजे पोटात घालवलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच. आठव्या महिन्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्त, कमी नव्हे. आमच्या भाच्याला मारले ते आठव्या महिन्याने नव्हे.

या थराचा अभाव हेच दुखण्याचे मूळ आहे, हे १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. तरी १९६३ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक, साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसालाही तेव्हा उपाय विकत मिळाला नाही. पुढे १९७१ साली नाकावाटे किंवा नळीवाटे सतत हलका दाब देऊन फुफ्फुस उघडे ठेवण्याची रीत आली. तिला सीपॅप म्हणतात. १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट थेट बाळाच्या श्वासनळीत घालून दाखवले. आज या दोन्ही गोष्टी आपल्याकडील मोठ्या इस्पितळांत मिळतात.

ओळखायचे कसे? मिनिटाला ६० हून अधिक श्वास, कण्हणे, नाकपुड्या फुगणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे. पुढचे काम डॉक्टरांचे. क्ष-किरण फोटोत फुफ्फुस दळलेल्या काचेसारखे धूसर दिसते. जंतुसंसर्गही असाच दिसू शकतो, म्हणून रक्तही तपासतात. मग ऊब, सीपॅप, गरज पडल्यास सर्फॅक्टंट, आणि मोजून मापून प्राणवायू. मोजून अशासाठी की जादा प्राणवायूने अशा बाळांचे डोळे जातात, फुफ्फुसालाही इजा होते. "नळी लावलीच आहे तर जरा जोरात सोडा" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

आता मुख्य मुद्दा. सर्वांत स्वस्त उपाय बाळ जन्मण्याच्या आधीचा आहे. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिले की मुदतीआधी कळा आल्यास आईला स्टेरॉइडची सुई दिली तर बाळाचे फुफ्फुस लवकर तयार होते. आपल्या सरकारी पद्धतीत डेक्सामेथासोनच्या चार सुया, दर बारा तासांनी एक. किंमत अगदी किरकोळ. २०१४ च्या केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे २४ ते ३४ आठवड्यांत कळा आल्या तर मोठ्या इस्पितळाकडे पाठवण्यापूर्वी पहिली सुई द्यायची, आणि ती परिचारिकाही देऊ शकते. म्हणजे आमच्या ताईला "बेळगावला न्या" असे सांगितले गेले, तेव्हा हे ज्ञान जगाला चोवीस वर्षे होते. जीप शोधण्यात जी रात्र गेली, त्या रात्रीत ती सुई काम करू लागली असती. बाळ नक्की वाचले असते असा आमचा दावा नाही. त्याला संधी मिळाली नाही, एवढेच म्हणतो.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की सुई म्हणजे जादू नव्हे. सहा देशांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आपले बेळगाव आणि नागपूरही होते. गावपातळीवर सुईचा वापर वाढवला, तेव्हा एकूण नवजात मृत्यू हजारी २३.९ च्या जागी २७.४ निघाले. मात्र २०२० साली पाच देशांतील, चांगली सोय असलेल्या इस्पितळांतल्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले. त्यातही बेळगावच्या संशोधकांचा सहभाग होता. आम्ही यातून असा अर्थ घेतो: आठवडे नीट मोजलेले हवेत, आणि सुईच्या पाठोपाठ बाळाची काळजी घेणारे ठिकाण हवे. सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी म्हणूनच टाळू नये.

गेल्या वर्षी आमच्या बंधूंच्या मुलीला एकतिसाव्या आठवड्यात कळा आल्या. या वेळी आम्ही तोंड उघडले. पहिली सुई तालुक्यालाच मिळाली. बाळ दीड किलोचे. पाच दिवस सीपॅपवर होते, पुढे आईच्या छातीशी कांगारूसारखे बांधून वाढले. आज ते घरभर रांगते. आजी हयात असती तर तिला काय म्हणावे लागले असते, कोण जाणे.

आमचे मत असे की मंडळाने तीन कामे हाती घ्यावीत. एक, माहेरी येणाऱ्या लेकींसाठी यादी करावी: कोणत्या इस्पितळात सीपॅप आहे, सर्फॅक्टंट मिळते, रात्री बालरोगतज्ज्ञ असतो. दोन, धोक्याची लक्षणे आणि विचारायचे प्रश्न यांचे एक पान मराठीत छापून घरोघर द्यावे. तायी कार्डावरचा कन्नड मजकूर आपल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, आणि निर्णय बहुधा त्याच घेतात. तीन, सर्फॅक्टंटची एक मात्रा हजारोंच्या घरात जाते. सरकारी इस्पितळात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत, २०११ पासूनची जननी शिशु सुरक्षा योजना त्यासाठीच आहे. तेथे जागा नसली तर उपयोगी पडेल असा छोटा निधी आपण उभारू शकतो. डोहाळजेवणाच्या पंगती आपण खर्चाकडे न पाहता उठवतोच. त्यातला एक वाटा इकडे वळवावा.

आणि घरात कोणी "आठमाशी आहे" म्हणून हात टेकले, तर त्याला एकच प्रश्न विचारा: सुई दिली का?