खऱ्या पात्याचा हट्ट

एच. एस. आर. लेआउटमधील आम्हां मराठी मंडळींच्या शिवजयंतीच्या बैठकीत यंदा आग्रह धरण्यात आला, की मुलांच्या मर्दानी खेळांत लाकूड नको, धारदार पट्टाच हवा. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा लाकडी खेळ म्हणजे त्याचा अपमान, असा युक्तिवाद!

परंतु परंपरा काय सांगते? फरी-गदगा आपल्याच पूर्वजांचा. तलवारीऐवजी चामड्याने मढविलेली काठी, ढालीऐवजी चामडी फरी. ज्यांना प्रत्यक्ष रणात उतरावयाचे होते, त्यांनाही सरावाला गदगा धरण्यात कमीपणा वाटला नाही. आपणांस का वाटावा?

पट्ट्याचे पाते लांब व लवचिक. हात कोपरापर्यंत लोखंडी आवरणात अडकलेला, म्हणून मनगट वळत नाही. अंदाज चुकला, की पाते खेळणाऱ्यावरच उलटते. धारेचा धाक लाकडाने कळत नाही, हे मान्य. तो प्रौढाने, दीर्घ सरावानंतर, मोकळ्या जागी एकट्याने अनुभवावा.

परमुलखात मराठीपणा मिरविण्याची हौस आपली. तिची किंमत दहा वर्षांच्या पोराने डोळा गमावून का द्यावी? यंदा मुलांच्या हाती गदगाच द्यावा.