मी नसताना मीच!

रजेवर जाण्याआधीचे तीन दिवस रजेपेक्षा जास्त थकवतात, पटतंय ना? दहा दिवस सुट्टी हवी असेल तर दहा दिवसांचं काम आधी उरकून ठेवा, हा आपल्या ऑफिसांचा अलिखित नियम. गेल्या मे महिन्यात मला वेळणेश्वरला मावशीकडे जायचं होतं. आंबे, फणस, समुद्र आणि घरात मोबाईलची रेंज शून्य. म्हणजे अगदी खरीखुरी सुट्टी!

पण मी पडले कंपनीचं सोशल मीडिया सांभाळणारी. लोकांना रोज सकाळी आमची पोस्ट दिसलीच पाहिजे. मग काय, दोन रात्री अकरापर्यंत बसून सगळी बेगमी केली. इन्स्टाग्रामवर कंपनीच्या अकाउंटवरून ७५ दिवस पुढपर्यंतच्या पोस्ट लावून ठेवता येतात. जीमेलमध्ये तर २०१९ पासून मेल शेड्यूल करण्याची सोय आहे, आणि एका वेळी १०० मेल रांगेत उभ्या करता येतात. तुमचा मोबाईल बंद असो नाहीतर समुद्रात पडलेला असो, ठरल्या वेळी मेल जाणार म्हणजे जाणार. मला तर हा शोध लावणाऱ्याला फणसाची साटं पाठवावीशी वाटली.

पोस्ट झाल्यावर मला चेवच चढला. टीमला द्यायच्या आठवणीही आत्ताच लिहून टाकू म्हटलं! आमच्या ज्युनिअरला दर महिन्याच्या रिपोर्टसाठी मागे लागावं लागतं. त्याच्यासाठी सोमवार सकाळी सव्वानऊची मेल लावली, ‘गुड मॉर्निंग! रिपोर्ट बारापर्यंत हवा म्हणजे हवा. नो बहाणे!’ शेवटी एक स्मायली. खरं तर रिपोर्ट गुरुवारी मिळाला असता तरी चाललं असतं. पण आपण आधीची तारीख सांगतोच की नाही?

सोमवारी दुपारी मावशीची औषधं आणायला एसटीनं गुहागरला गेले. बाजारात शिरताच पर्समधला मोबाईल टुणटुण वाजायला लागला. टीमच्या ग्रुपवर रविवारी रात्रीचा त्याचा मेसेज होता. ‘बाबांना अटॅक आलाय. आयसीयूत आहेत. उद्या येत नाहीये.’ खाली सगळ्यांचं ‘काळजी घे’, ‘काही लागलं तर सांग’. फक्त माझं नाव नव्हतं. माझी होती ती सव्वानऊची मेल. स्मायलीसकट.

आणि ११ वाजून ५२ मिनिटांनी आलेलं त्याचं उत्तर. एक अक्षरही नाही, नुसता रिपोर्ट जोडलेला.

भर बाजारात, औषधाच्या दुकानासमोर उभी राहून मी त्याला फोन लावला.

“अगं, पाठवला ना रिपोर्ट,” फोन उचलल्याउचलल्या तो म्हणाला.

“कुठून पाठवलास?”

“इथूनच, आयसीयूच्या बाहेरून. भावाला घरी पाठवून लॅपटॉप मागवला. तू ग्रुपवर वाचलं असशील, तरी मागतेयस म्हणजे अर्जंटच असणार, असं वाटलं.”

मी त्याला सगळं सांगितलं. मेल शुक्रवारीच लिहून ठेवली होती, इथे रेंज नाही, मला काही माहीतच नव्हतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ती तू नव्हतीसच?”

काय उत्तर देणार? नाव माझं, शब्द माझे, स्मायलीही माझीच.

परतल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेल्या, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्यांच्यावरचा मृत्युलेख मेल गुसो यांच्या नावानं छापला. गंमत म्हणजे गुसो स्वतः २००५ मध्येच वारले होते! मोठ्या वर्तमानपत्रांत असे लेख कितीतरी आधी लिहून ठेवतात. पण तो लेख आपोआप छापला गेला नव्हता. ऑफिसातल्या तिघांनी त्यात नव्या माहितीची भर घातली होती, आणि गुसो हयात नाहीत हेही खाली स्पष्ट छापलं होतं. लिहून ठेवणं वेगळं आणि त्या दिवशी ते वाचून पुढे सोडणं वेगळं. मी दुसरं काम कुणाला दिलंच नव्हतं.

आता मी काय करते? पोस्ट अजूनही आधीच लावते, त्याशिवाय सुट्टी मिळणार कशी? पण अकाउंटची चावी ऑफिसातल्या एकीकडे देऊन जाते. तिनं रोज सकाळी पाच मिनिटं आजची पोस्ट आजच्या बातम्यांशेजारी ठेवून बघायची आणि शंका आली की थांबवायची, मला न विचारता. तारखा, माहिती, कंपनीच्या घोषणा आधी लिहून चालतात. पण एखाद्या माणसाकडे काही मागायचं असेल, तर ते त्याच दिवशी, तो कसा आहे हे विचारून. वाढदिवसाच्या शुभेच्छाही मी शेड्यूल करत नाही. उशीर झाला तर झाला, शिव्या खाईन.

त्याचे बाबा आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. तो अजूनही रिपोर्ट उशिराच देतो. मी मागे लागते, पण डेस्कपाशी जाऊन.

आणि हो, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मी पुन्हा वेळणेश्वरला असेन. लेख दोन आठवडे आधीच दिलाय. सोबत संपादकांना मावशीच्या लँडलाइनचा नंबरही दिलाय. मधल्या काळात काही घडलं आणि हा लेख छापणं बरं दिसत नसेल, तर खुशाल काढून टाका म्हटलंय.