मन्यास्तंभ म्हणण्यापूर्वी

मान धरल्याची तक्रार घेऊन रुग्ण आला की आपली लेखणी सहजच मन्यास्तंभाकडे वळते. बहुसंख्य रुग्णांत ते निदान योग्यच ठरते आणि स्नेहन, स्वेदन, नस्य यांनी उतारही पडतो. प्रश्न उरलेल्या मोजक्यांचा आहे. त्यांचे दुखणे स्नायूंचे नसून मानेतील कॅरोटिड धमनीच्या भित्तीचे असते. धमनीचा आतील स्तर फाटून रक्त भित्तीच्या थरांत शिरते. त्यामुळे मार्ग अरुंद होतो किंवा तेथे धरलेली गुठळी सुटून मेंदूत जाते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार हा विकार वर्षाला लाखात दोन-तीन जणांनाच होतो. परंतु तरुण व मध्यमवयीन रुग्णांच्या पक्षाघातांत त्याचा वाटा १० ते २५ टक्के मानला जातो.

ही फाट कोठे पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. मेदाचे थर साचतात ते धमनीच्या दुभागणीपाशी. फाट मात्र बहुधा आतल्या शाखेत, दुभागणीच्या दोनएक सेंटिमीटर वर, मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर पडते. येथे धमनी मोकळी व हलती असते, तर कवटीच्या तळाशी हाडाच्या मार्गात शिरताच ती जखडली जाते. डोके झटक्याने मागे जाऊन वळले, की हा मोकळा भाग ताणला जाऊन मणक्यांच्या आडव्या प्रवर्धनांवर घासतो. मणक्यांतून वर जाणाऱ्या धमनीचेही तसेच. ती पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या वळणावर सापडते. काहींच्या धमनीची भित्ती जन्मतःच दुबळी असते, काहींना अर्धशिशीचा त्रास असतो, काहींना नुकताच जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो. अशांना जोराची शिंक किंवा खोकल्याची उबळही पुरते. अनेकदा तर कारण सापडतच नाही.

सुश्रुताचार्यांनी ग्रीवेच्या दोन्ही बाजूंच्या आठ सिरामातृका सद्यःप्राणहर मर्मांत गणल्या आहेत. त्यात आजची कॅरोटिड शोधण्याचा खटाटोप मी करणार नाही. पण ज्या शास्त्राने हा प्रदेश इतका जपायला सांगितला, त्याच्याच केंद्रांत मालिशनंतर मान कडकन मोडली जावी, हे मला पटत नाही. न्हाव्याच्या दुकानातली ही हौस पंचकर्माच्या टेबलापर्यंत पोहोचलेली मी पाहिली आहे. नस्यासाठी डोके किंचित खाली झुकवावे असे सांगितले आहे. टेबलाच्या कडेवरून लोंबकळत ठेवावे असे नव्हे.

यावर आक्षेप येईल की मान वळवल्याने धमनी फाटते हे निर्विवाद सिद्ध कोठे झाले आहे? आक्षेप रास्त आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील २००८ सालच्या अभ्यासात मणक्यांतील धमनीच्या पक्षाघाताचा संबंध मान वळवणाऱ्या उपचारकांशी जेवढा दिसला, तेवढाच साध्या डॉक्टरांच्या भेटीशीही दिसला. म्हणजे धमनी आधीच फाटलेली असावी आणि त्याच वेदनेने रुग्ण उपचारकाकडे गेला असावा. परंतु आपल्या दृष्टीने याचा अर्थ काय? आधीच फाटलेल्या धमनीवर झटका देणे हे अधिकच घातक. दोन्हींपैकी काहीही खरे असो, झटका वर्ज्यच ठरतो.

म्हणून प्रश्नपरीक्षा बदलावी. वेदना नवी आहे का, एकाच बाजूची आहे का, पूर्वी कधीच न अनुभवलेली आहे का, हे विचारावे. त्याच बाजूची पापणी उतरली आहे का आणि बाहुली लहान झाली आहे का, हे मंद उजेडात पाहावे. धमनीच्या भित्तीलगतचे चेतातंतू दाबले गेल्याने असे होते. मात्र हे चिन्ह निम्म्याहून कमी रुग्णांत आढळते, म्हणून ते नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज, क्षणभर बोबडी वळणे, हाताची शक्ती जाणे, यांपैकी काहीही असल्यास तेल लावण्याआधी रुग्णाला थेट सी.टी. किंवा एम.आर. अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. पहिल्या वेदनेपासून पक्षाघातापर्यंत कधी काही तास, तर कधी काही दिवस मिळतात. ते मर्दनात घालवू नयेत.

औषधविक्रेत्या बंधूंचाही यात भाग आहे, कारण मानेसाठी तेल मागणारा अनेकदा वैद्याकडे न जाता प्रथम दुकानातच येतो. कोणाला दुखते, कधीपासून, आणि डोळा असा का दिसतो, एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात. निदान झालेल्या रुग्णाला पुढे काही महिने रक्त गोठू न देणारी औषधे चालू असतात. असा रुग्ण दुकानात आला तर त्याच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पोटात घेण्याचे कोणतेही औषध त्याला देऊ नये.